तळेकोंडची पावणेसहाची गाडी

चौथ्या सेमिस्टरच्या पहिल्याच सोमवारी निशिगंधाने नोटीसबोर्डावरचा कागद तीनदा वाचला. एकदा स्वतःसाठी, एकदा मागे उभ्या असलेल्या मृणालीसाठी, आणि तिसऱ्यांदा अशा आशेने, की निदान या खेपेला तरी आकडा बदलेल. आकडा बदलला नाही. केमिस्ट्री प्रॅक्टिकल, सी बॅच, सोमवार ते गुरुवार, दुपारी दीड ते साडेपाच.

रत्नागिरी शहरात राहणाऱ्या मृणालीला यात रडण्यासारखं काही दिसेना. साडेपाचला सुटायचं, नाक्यावर वडापाव खायचा, सहाला घरी. पण निशिगंधा तळेकोंडची. पालीपासून आत नऊ किलोमीटर, डोंगराच्या कुशीत, चार वाड्या आणि एक देऊळ एवढं गाव. तिथे जाणारी शेवटची गाडी स्टँडवरून सव्वापाचला सुटते. ही वस्तीची गाडी, म्हणजे रात्री गावातच मुक्काम करून सकाळी सहाला पुन्हा रत्नागिरीला निघणारी. ती चुकली तर पालीपर्यंत पोचवायला गाड्या पुष्कळ आहेत. पालीच्या पुढचे नऊ किलोमीटर मात्र ज्याचे त्याने करायचे असतात.

तळेकोंडातून सायन्सला गेलेली निशिगंधा पहिलीच मुलगी. तिला पाठवताना घरात ठराव झाला होता, आणि तो मुंबईहून वडिलांनी फोनवर दोनदा वाचून दाखवला होता: शिकायचं तेवढं शिक, पण रोज संध्याकाळच्या गाडीने घरी यायचं. गाडी चुकायला लागली की सायन्स बंद, घरी बसून बाहेरून बीए. आई मैनाने त्यावर काही म्हटलं नव्हतं. मैना कशावरच फारसं म्हणत नसे. पण लेकीच्या केमिस्ट्रीच्या वहीला तिने जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलं होतं, आणि चित्रातली लक्ष्मी बरोबर मधोमध येईल अशा बेताने घातलं होतं. त्यामुळे केमिस्ट्री सोडायची म्हणजे काय सोडायचं, हे निशिगंधाला नीट ठाऊक होतं.

शहाण्या माणसापुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे बॅच बदलून घ्यायची. निशिगंधाने त्याच दिवशी तसा अर्ज लिहून कॉलेजच्या ऑफिसात दिला. ऑफिसातल्या मॅडमनी तो न वाचता एका निळ्या ट्रेमध्ये ठेवला. त्या ट्रेबद्दल कॉलेजात अनेक आख्यायिका होत्या. तीन वर्षांपूर्वी पास होऊन गेलेल्यांचे अर्जही अजून त्यात आहेत, असं सीनियर मुलं सांगत. तेव्हा ही वाट बंद झाली असं धरून ती दुसरीकडे वळली. दुसरी वाट म्हणजे बॅच राहू दे, गाडीच बदलायची.

आता एक एकोणीस वर्षांची मुलगी, वजन बेचाळीस किलो, आणि समोर एसटीची गाडी. पण निशिगंधाचं कौतुक करायचं ते याचसाठी, की हे काम मोठं आहे असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. गाडी अर्धा तास उशिरा सोडा, असा साधा अर्ज द्यायचा आणि यायचं. फक्त अर्जाचा मायना कसा असतो तेवढं कोणाला तरी विचारावं, म्हणून ती संध्याकाळी भागोजीतात्यांकडे गेली. इथे तिचं चुकलं.

भागोजीतात्यांनी मुंबईत तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत काढली होती. निवृत्त होऊन गावी आल्यापासून, हाताशी अर्ज लिहिण्याजोगं काम नाही, या दुःखाने ते खंगत चालले होते. जगातलं कुठलंही काम ‘सविनय’ हा शब्द योग्य जागी पडला की होतं, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी निशिगंधाचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “बाय, ह्यो तुज्या एकटीचा अर्ज नाय. ह्यो गावाचा अर्ज हाय.”

तिला बाकी काही कळलं नाही, पण अर्ज आपल्या हातातून गेला एवढं कळलं.

त्यात दिवस नोव्हेंबरअखेरचे. भात कापून, झोडून कणगीत पडलेलं, आंब्याला मोहोर यायला अवकाश, आणि देवीची जत्रा पुढच्या महिन्यात. कोकणातला गाव अशा दिवसांत मोकळा असतो, आणि मोकळ्या गावाच्या तोंडी एखादा विषय सापडला की तो विषय सहजासहजी सुटत नाही. दोन दिवसांत चारही वाड्यांत ‘निशीचा प्रॅक्टिकल’ झाला. तो काय असतो हे फार थोड्यांना माहीत होतं. तो साडेपाचला सुटतो, हे मात्र पोरासोरांनाही पाठ. वरच्या वाडीतली एक म्हातारी मैनाला विहिरीवर भेटून, पोरीला किती दिवसांपासून आहे आणि पथ्य काय सांगितलंय, असं मायेने विचारून गेली.

सल्ले तर घरपोच यायला लागले. कोणी म्हणे, बॅचमधल्या सगळ्यांनीच लवकर सुटावं असं सरांना समजावून सांग. कोणी म्हणे, गाडीच्या ड्रायव्हरला पालीत चहाला थांबवून ठेवायचं, म्हणजे मागून दुसऱ्या गाडीने येता येईल. सागर नावाच्या एका मोबाइलवाल्या तरुणाने तर ऑनलाइन तक्रार टाकून देतो म्हणून सांगितलं आणि खरोखर टाकली. ती पुढे अशा एका खात्याकडे गेली, की त्यांच्याकडून ‘आपल्या विहिरीची पाहणी करण्यात येईल’ असं उत्तर आलं. एका मामांनी आणखी खोलात जाऊन विचारलं, की हे केमिस्ट्री घरी करता येत नाही का. चूल आहे, पाणी आहे, आणखी काय लागतं. निशिगंधाने सल्फ्युरिक ॲसिडचं नाव सांगितल्यावर ते जरा मागे सरकून बसले.

शेवटी सोमजाईच्या देवळात बैठक बसली. गाडी किती वाजताची मागायची, एवढाच प्रश्न होता. साडेपाचला प्रॅक्टिकल सुटणार, कॉलेजपासून स्टँड पंधरा मिनिटं, म्हणजे पावणेसहा. हिशेब इतका सरळ की त्यावर कोणाचाच विश्वास बसेना. मागायचीच तर सहाची मागा, म्हणजे ते पावणेसहा देतील, असं एक मत पडलं. सहाची मागितली आणि दिलीच, तर ड्रायव्हर-कंडक्टरच्या जेवणाचं काय, हे दुसरं. वस्तीच्या गाडीच्या दोघा माणसांचं रात्रीचं जेवण तळेकोंडात पाळीपाळीने घरोघर असतं, आणि ते त्यांच्या पुढ्यात गरम पडावं असा गावाचा कटाक्ष. तासभर वाद झाला. दोन घरांचं जुनं बांधाचं भांडणही मध्ये येऊन गेलं. मग अशा वेळी तळेकोंडात जे करतात तेच करायचं ठरलं. देवीला विचारायचं.

कौल लावणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर गुरव ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न, विहीर, घराची जागा, कोर्टातला दावा, सगळं तिथून जातं. आणि एकदा कौल झाला की तो फिरवायचा नाही, तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. ही पद्धत वाईट असं कोणी म्हणू नये. तासाभरात जे पन्नास माणसांना ठरवता आलं नाही, ते दोन कळ्यांनी पाच मिनिटांत ठरवलं.

सखाराम गुरवाने कळ्या लावल्या, हात जोडले आणि आपल्या खणखणीत आवाजात सुरुवात केली: “हे आई सोमजाई, चार वाड्यांच्या मालकिणी, तुज्या लेकराचा प्रॅक्टिकल साडेपाचाला सुटतंय, तिना सुखरूप घरी आन, गाडीचा टाइम कंचा तो तू सांग.” मागे सगळ्यांनी ‘होय महाराजा’ म्हटलं. निशिगंधा खांबाच्या आड उभी होती. आपलं टाइमटेबल देवीपुढे इतक्या मोठ्याने वाचलं जाईल अशी तिची कल्पना नव्हती. सहाच्या गाडीला डावी कळी पडली. पावणेसहाला उजवी. हिशेब पहिल्यापासून तोच होता, पण आता त्याला मान आला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा केला तो भागोजीतात्यांच्या लेखणीने. अर्ज त्यांनी तीन पानी लिहिला. दोनशे बारा सह्या घेतल्या. आणि तिसऱ्या पानावर, पोस्टातल्या सवयीने एकही बाब सुटू नये म्हणून, खाली ठळक करून लिहिलं: ‘सदर पावणेसहाच्या वेळेस ग्रामदेवतेचा उजवा कौल झालेला असून तो ग्रामस्थांवर बंधनकारक आहे.’

डेपोतले साहेब कोल्हापूरकडचे. नुकते बदलून आलेले. सज्जन माणूस, त्यांनी तात्यांना आणि निशिगंधाला बसायला खुर्च्या दिल्या, अर्ज वाचला, तिसऱ्या पानावर थांबले, पुन्हा पहिल्या पानावर गेले. मग म्हणाले, की मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, आपण काहीतरी करू. गाडीचं आणि माणसांच्या ड्युटीचं गणित बसवून त्यांनी तिथल्या तिथे तोडगाही काढला. पाच चाळीस.

निशिगंधा आनंदाने उठायलाच निघाली होती. पाच मिनिटं काय, ती धावत येईल. पण भागोजीतात्या खुर्चीतून हलले नाहीत. त्यांनी नम्रपणे सांगितलं, की पाच चाळीस घेता येणार नाही. साहेबांना वाटलं यांना ऐकू आलं नसावं. म्हणून त्यांनी समजावलं, की पाच मिनिटांचाच फरक आहे. तात्या म्हणाले, फरक पाच मिनिटांचा असला तरी कौल पावणेसहाचा आहे.

साहेबांनी आपल्या क्लार्ककडे पाहिलं. क्लार्क खाली मान घालून शिक्के पुसत होता. तो राजापूरकडचा. “साहेब, कौल झालाय म्हटल्यावर ते मागे नाही येत,” तो हळूच म्हणाला, “आमच्याकडे पण नाही येत.”

आमच्याकडं देव गाडीच्या टायमात पडत नाहीत, असं साहेब स्वतःशीच पुटपुटले. पण ते चिडले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवलं पाहिजे. बराच विचार करून ते म्हणाले, की पावणेसहा द्यायला माझी ना नाही, पण मला फाइलवर काहीतरी कारण लिहावं लागतं. देवीची संमती असं मला लिहिता येत नाही. कॉलेजचं पत्र आणा, की तळेकोंडच्या विद्यार्थिनीचं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं. पत्र आलं की ऑर्डर काढतो. शनिवारपर्यंत आणा, सोमवारी मला वरच्या ऑफिसला नवं वेळापत्रक पाठवायचंय.

यातलं कोणी कोणाला सांगितलं कोण जाणे, पण गुरुवारच्या पेपरात आतल्या पानावर बातमी आली. ‘प्रॅक्टिकलसाठी ग्रामदेवतेला साकडे’. खाली निशिगंधाचं नाव, इयत्तेसकट. त्या दिवशी ती लॅबमध्ये ब्युरेटच्या उभ्या नळीमागे शक्य तेवढी बारीक होऊन उभी राहिली. पण ब्युरेट काचेचा असतो. मुलांनी प्रत्येक टायट्रेशनला डावा की उजवा असं विचारून घेतलं. विभागप्रमुख सर मुद्दाम तिच्या टेबलापाशी आले, तिचं रीडिंग पाहिलं, बरोबर आहे म्हणाले, आणि जाताना अगदी गंभीर चेहऱ्याने, इंटर्नलचे मार्क तरी आम्हालाच द्यायचे आहेत ना, असं विचारून गेले. निशिगंधाने मान खाली घालून ‘हो सर’ म्हटलं. मृणालीच्या मते ती त्या दिवशी रडली असती तरी चाललं असतं. ती रडली नाही. पाचला, गाडीसाठी रोजच्यासारखं परवानगी काढून अर्ध्यातून उठायच्या आधी, तिने उरलेली तीन रीडिंग घेतली, आणि तिन्ही जुळली.

शनिवारी दुपारी गावाची अकरा माणसं डेपोत जाऊन बसली. एकट्या तात्यांनी चाललं असतं, पण ऑर्डर निघताना पाहायची हौस सगळ्यांनाच. सखाराम गुरव देवीचा प्रसाद घेऊन आला होता. मैना आली होती. काजू फॅक्टरीत कामाला जाणारी चिमाकाकीही एका कडेला येऊन बसली होती. ती का आली होती ते कोणाला ठाऊक नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही. फॅक्टरीला आज सुट्टी, म्हणून आली असेल. निशिगंधा पत्र आणायला कॉलेजच्या ऑफिसात गेली.

मॅडमनी तिचं नाव ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. पेपरातली तूच का, असं त्यांनी विचारलं. मग, आमच्याकडे अर्ज पडून राहत नाही बरं का, असं म्हणत त्यांनी निळ्या ट्रेमधून एक कागद काढून तिच्यासमोर ठेवला. तो तिचाच होता. पहिल्या दिवशी दिलेला. त्यावर प्राचार्यांची सही होती, आणि लाल शाईत लिहिलं होतं: ‘मंजूर. बी बॅच. साडेबारा ते साडेचार. सोमवारपासून.’

त्या ट्रेमधून बाहेर आलेला तो कदाचित पहिला अर्ज असेल. निशिगंधाने आयुष्यात एवढी कशाची धास्ती घेतली नव्हती.

म्हणजे तिचं काम झालं होतं. साडेचारला सुटायचं, सव्वापाचची गाडी आरामात मिळणार, केमिस्ट्री राहणार, बाबांचा ठराव राहणार. आणि तिकडे डेपोत अकरा माणसं, दोनशे बारा सह्या आणि देवीचा कौल तिची वाट पाहत होते. पत्र मागायला तिची जीभ रेटेना. आणि मॅडम पत्र लिहायचं झालं तर साडेचारचंच लिहिणार.

कॉलेजपासून स्टँडपर्यंतची ती पंधरा मिनिटांची वाट तिने पंचवीस मिनिटांत कापली. खोटं बोलणं फार सोपं होतं, हेही सांगायला हवं. नोटीसबोर्डावरच्या जुन्या कागदाचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये होता. सी बॅच, साडेपाच, खाली कॉलेजचा शिक्का. साहेबांना तो दाखवला असता तर त्यांनी पत्राचा आग्रहही धरला नसता. तळेकोंडची मान ताठ राहिली असती. तात्यांना गावात तोंड दाखवायला जागा राहिली असती. तिने दोनदा फोटो उघडला आणि दोनदा बंद केला.

डेपोच्या दारात हारुनभाई भेटले. तळेकोंडच्या गाडीचे कंडक्टर, अकरा वर्षं याच गाडीवर. वेळ बदलायला कर्मचाऱ्यांची संमती लागते, ती त्यांनी पहिल्याच दिवशी देऊन टाकली होती. आज तेही चौकशीला आले होते. तिचा चेहरा पाहून त्यांनी काय झालं ते विचारलं. तिने सगळं सांगितलं. 

“आता तू काय करणार?” ते म्हणाले.

“सांगते,” निशिगंधा म्हणाली.

ते तिच्यामागून आत आले आणि दारापाशी उभे राहिले.

साहेबांनी हात पुढे केला. पत्राऐवजी तिने मंजूर झालेला अर्ज त्यांच्या हातात दिला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, “साहेब, माझी बॅच बदलली. सोमवारपासून माझं प्रॅक्टिकल साडेचारला सुटेल. मला आता उशिराच्या गाडीची गरज नाही.”

 भागोजीतात्या उभे होते, ते खाली बसले.  सखाराम गुरवाने प्रसादाची पुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मैनाने लेकीकडे पाहिलं आणि पदर नीट केला. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, की मुलीने खरं सांगितलं, हे बरं केलं. मग आता विषय उरला नाही. सव्वापाच आहे ती राहू दे.

लोक उठायला लागले. तेव्हा कडेची चिमाकाकी बोलली. ती उठली नव्हती.

“तिचा सुटतंय साडेचाराला,” ती म्हणाली. “माजा नाय सुटत.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, आणि काजूच्या टरफलांच्या तेलाने तिची बोटं काळी पडली होती. साहेबांनी विचारलं, की तुमचं काय, बाई. तिने सांगितलं, की फॅक्टरी साडेपाचला सुटते. मग पालीची गाडी. पालीपासून चालत. कधी टेम्पो मिळाला तर मिळाला.

किती दिवस, असं साहेबांनी विचारलं.

“सा वर्सं झाली.”

तात्यांनी मान वर केली. ते म्हणाले, “चिमे, मग तू बोललीस का नाय आजवर? देवळात बैठक झाली, तू होतीस ना तितं?”

“मना कोन इचारलान?” चिमाकाकी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “माजा काय प्रॅक्टिकल हाय?”

 निशिगंधाला कुठे बघावं ते सुचेना. दीड वर्ष ती सकाळच्या सहाच्या गाडीने रत्नागिरीला येत होती, आणि दीड वर्ष चिमाकाकी त्याच गाडीत तिच्या पुढच्या बाकावर बसत होती. संध्याकाळच्या गाडीत ती नसते, हेही निशिगंधाने रोज पाहिलं होतं. ती परत कशी येते, हा प्रश्न तिच्या मनात एकदाही आला नव्हता. गावालाही चिमा उशिरा येते हे ठाऊक होतं. फॅक्टरीवाली बाई, उशिरा येणारच, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं. देवीला वाट विचारणाऱ्या तळेकोंडाने देवीच्याच दारावरून रोज अंधारात चालत जाणाऱ्या बाईला काही विचारलं नव्हतं. निशिगंधाला लाज वाटली, आणि ती लाज पेपरातल्या बातमीच्या लाजेपेक्षा फार निराळी होती.

मग दारातून हारुनभाई बोलले. त्यांनी आवाज चढवला नाही, तिकिटं मोजून द्यावीत तसे एकेक नाव देत गेले. सकाळी याच गाडीने येणारी, पण संध्याकाळी मागाहून पालीच्या गाडीने जाणारी तळेकोंडची आणि वाटेवरच्या वाड्यांची माणसं कोण कोण, ते त्यांना पाठ होतं. चिमाबाई. दवाखान्यात झाडलोट करणारे दोघे. गॅरेजमधला संदेश. आयात म्हणून एक मुलगी, अकरावीला, तिचा क्लास साडेपाचला सुटतो. एखाद दिवशी गाडी उशिरा सुटली तर ती त्यांना लांबून दिसते, म्हणाले, काही जण पहिल्या वर्षी धावायचे, आता धावत नाहीत. साहेब, मी कागदावर कधी दिलं नाही. कंडक्टरने वेळ बदला म्हणून लिहायचं नसतं.

साहेबांनी टोपण काढलं. फाइलवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘प्रवाशांची सहा वर्षांपासूनची गैरसोय’. मग वेळेची जागा आली. पेन तिथे थांबलं. त्यांनी तात्यांकडे पाहिलं, सखाराम गुरवाकडे पाहिलं.

“पावणेसहाच ना?” त्यांनी विचारलं. सखारामने प्रसादाची पुडी टेबलावर ठेवली.

डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी नवी वेळ लागू झाली. सकाळीच तळेकोंडात गाडीला हार घातला, सखारामने नारळ फोडला, आणि भागोजीतात्यांनी गाडी निघायला सात मिनिटं उशीर होईल एवढं भाषण केलं. भाषणात त्यांनी अर्जाचा, सह्यांचा आणि कौलाचा उल्लेख केला. स्वतःचा टाळला, ही त्यांची थोरवी. शेवटी ते म्हणाले, ही आपल्या निशीची गाडी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडीला नाव पडलं ते पडलंच. निशिगंधाने खूप सांगून पाहिलं की असं म्हणू नका, पण गावाने एकदा ठेवलेलं नाव आणि एकदा झालेला कौल यात फारसा फरक नसतो.

आता जमाखर्च पाहायचा तर तो मजेशीर होता. चारी वाड्यांत, वाटेवरच्या वस्त्यांत, पावणेसहाच्या गाडीने सगळ्यांची सोय झाली. गैरसोय झाली ती फक्त एका माणसाची. निशिगंधा साडेचारला मोकळी झाली आणि पाऊण तास कॉलेजच्या लायब्ररीत बसली. आई रोज साडेसहाला वाट पाहायची, ती आता सातला पाहणार होती. मृणाली म्हणाली, तू कमाल केलीस, स्वतःचीच गाडी स्वतःला लांबवून घेतलीस. निशिगंधा हसली. खरं सांगायचं तर तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं; पाऊण तासात ऑरगॅनिकचं एक प्रकरण वाचून होतं, आणि घरी ते कधीच झालं नसतं.

साडेपाचला ती स्टँडवर येऊन खिडकीपाशी बसली. गाडी हळूहळू भरत होती. दवाखान्यातले दोघे आले. संदेश हात पुसत आला. आयात आली, दप्तर पोटाशी धरून, आणि आत चढल्यावर ही तळेकोंडचीच ना, असं दोघांना विचारून बसली. पाच चाळीसला चिमाकाकी आली. ती चालत आली, सावकाश, वाटेत एकदा थांबून चपलेतला खडा काढून. दारात उभे असलेले हारुनभाई तिला बघून बाजूला झाले.

निशिगंधाने शेजारची जागा करून दिली. चिमाकाकी बसली, पिशवी पायाशी ठेवली, आणि खिडकीबाहेर बाजूच्या फलाटावर लागलेल्या पालीच्या गाडीकडे बघत राहिली. तिने निशिगंधाला विचारलं, की तुज्या त्या प्रॅक्टिकलमध्ये करतात तरी काय. निशिगंधाने सांगितलं, की थेंब थेंब टाकायचा, आणि रंग कधी बदलतो ते बघत उभं राहायचं. किती वेळ, असं चिमाकाकीने विचारलं. बदलेपर्यंत, निशिगंधा म्हणाली. चिमाकाकीने मान डोलावली. ते तिला समजण्यासारखं होतं.

पावणेसहाला गाडी हलली. हारुनभाई मशीन घेऊन मागून पुढे आले. निशिगंधाने पास दाखवला. मग ते चिमाकाकीपाशी थांबले.

“एक पाली,” चिमाकाकी म्हणाली.

हारुनभाईंनी मशीनवर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. ते तसेच उभे राहिले. गाडी स्टँडच्या फाटकातून बाहेर पडून वळणावर आली. चिमाकाकीने वर पाहिलं, मग निशिगंधाकडे, मग आपल्या हातांकडे.

“नाय,” ती म्हणाली. “तळेकोंड.”